उठलेलं घर

गाणं ऐकल्याच्या आठवणी सांगणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. आमच्या भागात पूर्वी गाणं ऐकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आता ऐकल्याचं सांगणारी गल्लोगल्ली भेटतात. अमक्याची बैठक ऐकली, तमकीचं पद ऐकलं, काय तो आवाज, आता तसं राहिलं नाही. बाबा रे, काय गायलं ते तरी सांग म्हणावं, तर डोळे मिटून मान हलवतात. मी त्यांना चांगला ओळखतो, कारण मी त्यांच्यातलाच एक आहे. फक्त मी सांगणार आहे ते न ऐकलेल्या गाण्याबद्दल. ते कुणी माझ्यापासून हिरावून घेतलं नाही. मी स्वतःच्या हातानं घालवलं, आणि माझं एकट्याचं घालवलं असतं तरी चाललं असतं.

आमचं गाव लोहाऱ्याच्या पुढं, पहाटे गाडी जुंपली तर न्याहारीला लोहाऱ्यात पोचावं एवढ्या अंतरावर. आम्ही लिंगायत दुकानदार. कापड, गूळ, तेल, जे मिळेल ते विकायचं. कचेरीत उर्दू, दुकानात मराठी आणि बाजारच्या दिवशी कानडी अशा तीन जिभा आमच्या तोंडात होत्या आणि तिन्ही अर्ध्या कच्च्या. वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळं काका घरचे कर्ते. काकांना दोन गोष्टी प्रिय होत्या, एक हुक्का आणि दुसरा मान. हुक्का निदान मधूनमधून विझायचा.

माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणत असू, आळंदच्याही पलीकडची. दहाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. घरातल्या बायकांनी तिच्या बोलण्याची इतकी टवाळी केली की ती हळूहळू बोलायचीच कमी झाली. पुढं माहेरच्या गावात प्लेग आला आणि तिचं सगळं घर धुऊन गेलं. मग तिकडं जायला कारणच उरलं नाही. तिची आई धार काढताना एक कानडी पद म्हणायची, वाट चुकलेल्या गाईचं. अव्वाला त्याच्या पहिल्या दोनच ओळी येत होत्या. चूल पेटवताना, धान्य निवडताना ती त्या दोन ओळी म्हणायची, थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. पुढचं तिला आठवतच नव्हतं. मी लहानपणापासून त्या दोन ओळी ऐकल्या आणि त्या कुठंतरी अडकलेल्या आहेत असं मला एकदाही वाटलं नाही. आईबद्दल मुलांना फार कमी गोष्टी वाटतात.

एकदा तिकडची एक कासारीण बांगड्या भरायला आली. तिनं सांगितलं की एक गाणारी बाई गुलबर्ग्याकडून सोलापूरला निघाली आहे, वाटेत ठिकठिकाणच्या मठांत गाते, आणि ते गाईचं पद ती पुरं म्हणते. ती गाणारी बाई अव्वाच्या माहेराशेजारच्याच गावची. त्या दिवशी मी जेवायला बसलो तेव्हा अव्वा समोर येऊन बसली. तिनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र ती म्हणाली की त्या बाईला आपल्या मठात आणता येईल का बघ, मला ते पद पुरं ऐकायचं आहे.

त्या काळात निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची म्हणजे ठाण्याची इजाजत लागे. मग ते भजन असो की बारसं. मला शाळेत शिकलेलं उर्दू येत होतं. मी दरख्वास्त लिहिली, ती मजहबी, म्हणजे धर्माच्या, कामासाठी आहे असं तीनदा लिहिलं आणि ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. अमीनसाहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांनी, पहिल्यांदा विचारलं की गाणारी बाई का, बुवा का नाही. दुसऱ्यांदा विचारलं की कानडीत का. तिसऱ्यांदा ते जेवून उठले होते म्हणून त्यांनी सही केली. दोन दिवसांची इजाजत मिळाली, दोन्ही दिवस दुपारची. महायुद्धामुळं रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळं दुपारशिवाय गत्यंतरही नव्हतं. हे सगळं मी सांगतो आहे ते माझी पाठ थोपटून घ्यायला नाही. इतकी खटपट करून आणलेलं ताट मी कसं लाथाडलं ते कळावं म्हणून सांगतो.

आमच्या मठात गाण्याआधी पानसुपारी होई. आणि पानसुपारी म्हणजे गावाची खरी कचेरी. विडा कुणाला आधी, कुणाला मागून, यावर गावात पिढ्यान्‌पिढ्यांची डोकी तापलेली. पहिला विडा गादीला, म्हणजे मठाच्या स्वामींना. दुसरा आमच्या घराला, कारण मठाची जागा आमच्या खापरपणज्यानं दिलेली. तिसरा वेशीजवळच्या घराला, कारण मठाच्या दगडी पायऱ्या त्यांनी बांधलेल्या. मग बाकीचे. खापरपणज्यानं जागा का दिली तर तिथं पाणी लागत नव्हतं आणि पीकही येत नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी त्या खडकाळ तुकड्याच्या जिवावर आम्ही चार पिढ्या छाती काढून दुसरा विडा खात होतो.

गाण्याच्या दिवशी सारं गाव मठात लोटलं. पुरुष पुढच्या ओसरीत आणि बायका बाजूच्या ओवरीत जाजमाच्या आडोशाला. अव्वा सकाळपासून धुतलेलं इरकली लुगडं नेसून तयार होती. सगळ्यात आधी जाऊन ती ओवरीत पुढं बसली. ती कधी पुढं बसत नसे.

पुरुषांची बाजू मात्र बघण्यासारखी होती. गाण्याशी ज्यांचा सात जन्मांत संबंध आला नव्हता ते लोक दाढ्या करून, फेटे बांधून पुढं बसले होते. हैदराबादेत काही दिवस नोकरी करून आलेले एक गृहस्थ तर लोडाला टेकूनच बसले. तबलजी हातोडीनं ठोकून तबला लावत होता तेव्हाच त्यांनी क्या बात है म्हणून टाकलं. त्यांचं बघून चारपाच जणांनी माना डोलावल्या. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण इथं तर गूळ अजून पुड्यातून सुटायचा होता. गाणारी बाई चाळिशीची, काळीसावळी, कपाळभर भस्म लावलेली. ती हे सगळं शांतपणे बघत होती. गावोगावी तिनं असले कितीतरी दर्दी पाहिले असतील.

मग मठपतीनं पानाचं तबक उचललं. मठपती म्हणजे मठाची पूजाअर्चा आणि व्यवस्था बघणारा, साधा माणूस. आदल्या वर्षी जुने स्वामी लिंगैक्य झाले होते आणि नवे अजून बसले नव्हते. गादी रिकामी होती. तिच्यावर स्वामींची काठी आणि भस्माचा बटवा ठेवलेला. आम्ही खांबाच्या अलीकडं होतो, तिथून गादी दिसत नव्हती. दिसत होते ते गादीच्या कडेला मांडी घालून बसलेले वेशीजवळच्या घरचे आजोबा, आणि त्यांच्या दिशेनं पुढं गेलेला मठपतीचा हात. पहिला विडा तिकडं गेला. आमच्याकडं तबक वळायच्या आतच काका उठले.

आमच्याकडं घर उठणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. घरचा कर्ता भर बैठकीतून उठला की त्या घरचं कुणी बसून राहत नाही. पुरुष उठतात, पोरं उठतात आणि बायकांकडं निरोप जातो. निरोप गेला की बायकाही उठतात, हातातलं हळदीकुंकू तसंच टाकून. याला आम्ही इभ्रत म्हणायचो. काकांनी उपरणं झटकलं, कुणाकडंही न बघता पायऱ्यांकडं चालायला लागले आणि जाताना मला म्हणाले, "बायकांना उठव."

मी गेलो. मला त्या वेळी राग आला होता हेही खरं आहे. तो खोटा होता असं मी म्हणत नाही. ठाण्याच्या पायऱ्या मी झिजवल्या, बाई मी आणली, आणि पहिला विडा वेशीजवळच्या घराला?  मला काय कळत होतं गाण्यातलं? काहीच नाही. विड्यातलं मात्र सगळं कळत होतं. जाजम बाजूला करून मी अव्वाला म्हणालो, "ऊठ. आपलं घर उठलं."

पेटीवर सूर धरलेला होता. बाईनं घसा साफ केला होता. अव्वा माझ्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "येक पद हू दे की रं, मगा." मगा म्हणजे कानडीत मुलगा.

मी तिचा हात धरून तिला उठवलं. बाकीच्या बायका आधीच उठल्या होत्या. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा गाणं सुरू झालं. अव्वाची पावलं मंदावली. पण काका पुढं चालत मोठमोठ्यानं बैलांच्या खांदेमळणीबद्दल बोलायला लागले. घरी पोचेपर्यंत ते बोलत होते. बैलांच्या खांद्यांविषयी इतकी कळकळ त्यांनी आधी कधी दाखवली नव्हती आणि नंतरही नाही.

दिवेलागणीला मठपती आमच्या घरी आला. पानाच्या द्रोणात आमचा विडा घेऊन आला होता. पहिला विडा गादीवर स्वामींच्या काठीपुढं ठेवला, दुसरा तुम्हाला द्यायला वळलो तर तुम्ही उठून गेलेले, असं तो म्हणाला. विडा तबकात तसाच ठेवला, तिसरा अजून कुणाला दिलाच नाही, बैठक विड्याशिवाय झाली. म्हणजे आम्ही देवाच्या विड्यावर रुसून उठलो होतो. मला हसू आलं आणि मग एकदम हलकं वाटलं. बाई उद्याही गाणार होती. अजून काही बिघडलं नव्हतं.

काकांनी हुक्क्याची नळी बाजूला ठेवली. मग त्यांनी विडा घेतला, मठपतीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "उठलेलं घर दुसऱ्या दिशी जाऊन बसत न्हाय. लोक हसतील." सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात तो असा. देवाची चूक नाही, मठाची नाही, वेशीजवळच्या घराचीही नाही, आणि तरी आमचं घर उठलेलंच राहणार होतं, कारण बसायला गेलं तर आपण उगीच उठलो होतो हे कबूल करावं लागलं असतं.

काकांवर सगळं ढकलायला मला आवडलं असतं. आजवर पुष्कळदा ढकललंही आहे. पण मी चोवीस-पंचवीस वर्षांचा बाप्या होतो, माझं लग्न झालं होतं, दुकानाच्या चाव्या माझ्या कमरेला होत्या. अव्वाला घेऊन एकटा मठात गेलो असतो तर काकांनी फार तर चार दिवस अबोला धरला असता. मी गेलो नाही, कारण मलाही लोकांच्या हसण्याचीच भीती होती. वेशीजवळच्या घरची पोरं पारावर बसून आमची नक्कल करत आहेत हे मला आधीच दिसायला लागलं होतं.

आणि मग मी काकांच्याही वरताण केलं. स्वयंपाकघरात जाऊन अव्वाला सांगितलं की उद्याचं गाणं होणार नाही, अमीनसाहेबांनी इजाजत परत घेतली. तिनं बरं म्हटलं. त्या काळात निजामाच्या नावावर आम्ही वाटेल ते खपवत होतो. जुलूम तिकडून होत होता हे खरंच, पण आपल्या घरातली घाण टाकायलाही तो उकिरडा फार सोयीचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मठातला आवाज घरापर्यंत येणार हे मला उमगलं, तेव्हा मी गाडी जुंपली. शेतात ज्वारी कापणीला आली होती. अव्वाला म्हटलं, चल, कणसं बघून येऊ. ती मुकाट्यानं गाडीत बसली. आमचं शेत गावापासून सगळ्यात लांब, ओढ्याच्या पलीकडं. मी दिवस कलेपर्यंत तिला तिथं बसवून ठेवलं. ती बांधावर बसून त्याच दोन ओळी गुणगुणत होती. एकदा मध्येच थांबून तिनं गावाकडं बघितलं. मी बैलांना उगीचच पाणी पाजायला घेऊन गेलो.

बाई सोलापूरला गेली. नंतर रझाकारी माजली, वाटा बंद झाल्या, गाणीबजावणी कसली, आम्ही दारं लावून बसत होतो. काका त्याच धामधुमीत गेले, शेवटपर्यंत दुसऱ्या विड्याचे मानकरी. पुढं फौजा आल्या, निजामी गेली. मग मी सोलापूरला कापड आणायला गेलो तेव्हा पेठेत ऐकलं की तीच बाई एका धर्मशाळेत दुपारी गाणार आहे. मी कापड तिथंच ठेवलं आणि धावत गेलो. ते पद ऐकायचं आणि अव्वाला सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. निदान धर्मशाळेच्या दारापर्यंत तरी तेवढंच होतं.

आत गर्दी होती. एका स्वयंसेवकानं मला चपलांच्या ढिगाशेजारी बसवलं. पुढं गाद्या टाकलेल्या आणि त्यांच्यावर गिरण्यांचे दलाल, वकील, गळ्यात उपरणी टाकलेले नवे पुढारी. मला ओळखणारं तिथं कुणी नव्हतं आणि ते मला सहन होईना. मागच्या माणसाचा गुडघा माझ्या पाठीत लागत होता. पुढच्या एका शेटजींना हार घातला, तो कशाबद्दल घातला याचाच मी विचार करत बसलो. बाईचे केस पांढरे झाले होते. तबलजी नवा होता. तिनं कानडीत सांगितलं की आता वाट चुकलेल्या गाईचं पद म्हणते, आणि मी सावरून बसलो. तेवढ्यात दोन वकील उशिरा आले आणि माझ्या अंगावरून पुढं गेले, त्यांना जागा करून दिली, एकाचा पाय माझ्या हातावर पडला. पद संपलं तेव्हा सगळे वाहवा म्हणाले. मीही म्हणालो.

घरी आलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. अव्वा पडवीत सुपात तूर पाखडत बसली होती. तिच्यासमोर बसून मी सगळं बोलून टाकलं. विडा गादीचा होता, इजाजत कुणी काढून घेतली नव्हती, शेतात तुला मुद्दाम नेलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एका दमात बाहेर आलं आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

ती पाखडायची थांबली नाही. म्हणाली, "म्या ओवरीत पुढंच बसले हुते. समोर गादी हुती. इडा काठीपुढं ठिवलेला म्या बघितला की."

मी विचारलं की मग तेव्हाच बोलली का नाहीस. ती म्हणाली, "घर उठलं हुतं. माझं कोन ऐकनार? तू तर हातच धरला हुतास."

 मग मी सांगितलं की सोलापुरात ती बाई भेटली, ते पद तिनं म्हटलं. अव्वानं सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला आणि नीट समोर बसली, जशी मठात बसली होती. मग तिनं त्या दोन ओळी म्हटल्या आणि माझ्याकडं बघत थांबली. पुढचं मी सांगायचं होतं.

मी सांगायला लागलो. धर्मशाळा केवढी मोठी, बाईचे केस कसे पांढरे झाले, शेटजींना केवढा हार घातला, मला कसं चपलांपाशी बसवलं, ते वकील कसे अंगावरून गेले, शेवटी लोक किती वाहवा म्हणाले. बोलता बोलता माझं मलाच कळत गेलं की तिसरी ओळ माझ्याकडं नाही. एक शब्दही नाही. मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर ते तिलाही कळलं असतं.

तिला आधीच कळलं होतं. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "म्हंजी मगा, तू बी न्हाईच ऐकलंस."